बरणीतला देवभात

भाऊजी,

काल तुमचं तेरावं झालं. मांडववाला आज सकाळी खुर्च्या घेऊन गेला, तुमचे दादा पेपर तोंडासमोर धरून नुसते बसले आहेत, आणि मी स्वयंपाकघरात पाटावर वही घेऊन बसले आहे. तीस वर्षं मराठी शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण आज मायन्यालाच अडले. तुम्ही वयानं मोठे, नात्यानं माझे धाकटे दीर. तुम्हाला नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, हे आपलं जिवंतपणीही कधी ठरलं नाही. दरवेळी तुम्ही म्हणायचे, "वयनी, दोनी लिवा, जे लागू पडंल ते मी ठेवून घेईन."

आधी सांगायचं ते सांगून टाकते, नाहीतर धीर राहणार नाही. तुमचं चुकलं नव्हतं. माझ्या माहेरच्या तळ्यातल्या देवभाताबद्दल तुम्ही जन्मभर जे म्हणत आलात, ते शेवटी खोटं ठरलं आणि तुम्ही मान खाली घालून ते मान्य केलं. पण हैदराबादला तपासायला गेलं ते बी त्या तळ्याचं नव्हतंच. बरणीतलं बी मी बदललं होतं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरी मी वर्षभर तुमच्यापुढं ताट वाढत राहिले.

आठवते का, मी लग्न होऊन या घरात आले ते पहिलं वर्ष? तुम्ही धानाच्या संशोधन केंद्रात नोकरीला होते आणि सुट्टीवर आदिलाबादला आले होते. ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून तुमच्या घरी वरी शिजायची. मी माहेरून देवभाताची पुरचुंडी आणली होती, जंगली धान, तळ्यात आपोआप उगवणारं. मी सुपात ते पाखडत होते आणि तुम्ही दारातच उभे राहिले.

"वयनी, हे कुठलं?"

"आमच्या तळ्यातलं. तामसीकडचं."

"कोनी पेरते का?"

"देवाचं कोण पेरते, भाऊजी? आपोआप येतो."

"अन् तुमच्या गावात धान करते कोनी?"

"कापूस अन् ज्वारी. धान पाहायचं असंल तर निर्मलकडं जा म्हणा."

तुम्ही जेवलेच नाहीत नीट. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं तामसीला, तिथून पायी माझ्या गावाला. माझी आई घाबरून गेली होती बिचारी. नव्या नवरीचा दीर न कळवता दारात उभा, म्हणजे पोरीनं काय करून ठेवलं! आणि तुम्ही चहा न घेता तळ्यात मांडीभर पाण्यात. गावच्या बायांनी तुम्हाला दाखवलं, दाणा भरायच्या आधी लोंब्या एकमेकींना कशा बांधून ठेवतात ते. जंगली धानाचा दाणा पिकला की लगेच गळून पडते, म्हणून बांधायचं आणि मग टोपलीत झटकायचं. तुम्ही परत आलात ते चिखलानं माखून, आणि सासूबाईंनी तुम्हाला मागच्या दारी आंघोळीला पाठवलं होतं.

तेव्हापासून ते तळं तुमचं झालं. माझं माहेर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. भाऊबीजेला मी जायची ती भावाकडं, तुम्ही सोबत यायचे ते तळ्याकडं. माझा भाऊ चिडवायचा, "ताईचा दीर येऊन राह्यला, तळ्याला हळद लावा रे." तुम्ही हसायचे आणि सरळ पाण्यात उतरायचे.

सगळं मला समजावून सांगायचे, मी मराठी-भूगोल शिकवणारी बाई, मला काय कळणार याचा विचार न करता. एकदा निर्मलला माझ्या नणंदेकडं, सुमनताईंकडं जाताना बस इचोड्याला थांबली होती. ढाब्यावर चहा घेतला. समोरून नागपूर-हैदराबादचे ट्रक धडधडत जात होते आणि तुम्ही टेबलावर शेंगदाणे मांडून मला तांदळाचं गोत्र सांगत होते. जंगली धान गळते. ज्या धानाचा दाणा लोंबीला धरून राहते, ते माणसानं निवडलं, पेरलं, पुन्हा निवडलं, आणि असं करत शेतातलं धान झालं. पण हे निवडणं कुठं झालं? काही म्हणतात एकदाच, चीनमध्ये. तिथून तो न गळायचा गुण इकडं आला आणि इथल्या धानात मिसळला. काही म्हणतात, छट्, इथल्या लोकांनी इथलं धान आपलं आपण माणसाळवलं. तुम्ही एक शेंगदाणा उचलून म्हणाले, "मले वाटते दोनी खरं आहे, वयनी. गुन बाहेरून आला असंल, पन घर इथलंच होतं."

"म्हणजे सून बाहेरची," मी म्हटलं.

"हो ना. अन् सून आली म्हून सासूबाई नव्हत्याच, असं कसं म्हनता येईन?"

"मग आमचं तळ्यातलं धान तुमच्या तांदळाची आई का?"

"आई म्हनायची हिंमत नाही होत. मावशी म्हना. पन सख्खी मावशी."

मी मुद्दाम म्हटलं, मावशीला कोण विचारते हो जगात! तर तुम्ही खरंच रागावले. निर्मल येईपर्यंत बोलले नाहीत. आणि उतरताना एकदम म्हणाले, "पैलं न गळनारं लोंब एखाद्या बाईनंच निवडलं असंल, लिहून ठेवा." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "गळलेले दाने वेचाले वाकाचं कोनाले लागते?" तुमच्या त्या एका वाक्यानं मी वर्षानुवर्षं खूश होते. शाळेत पोरींना सांगितलं मी ते. तुमचं नाव न घेता सांगितलं, माझंच म्हणून. तेवढी चोरी आधीच कबूल करते.

तुम्ही म्हणायचे, शेताजवळचं जंगली धान कामाचं नसते. वारा सुटला की शेतातल्या धानाचं परागकण त्याच्यावर पडते. शंभर पिढ्या असं चाललं की जंगली कोणतं आणि शेतातून पळून आलेलं कोणतं, ओळखू येत नाही. ज्याला आपण मावशी म्हणतो ती घरातून पळून गेलेली लेकच निघते. पण माझ्या माहेरी आठ-दहा कोसांत धानाचं शेत नाही, नुसता कापूस. म्हणून ते तळं खरं. तिथलं धान कोणाशी मिसळलेलं नाही, असं तुम्ही भाषणांत सांगितलं, मासिकांत लिहिलं. मोठे लोक हसले. आदिलाबादचं एक डबकं घेऊन हा मनुष्य कुठं निघाला म्हणाले. त्यांना दाखवून देण्यासारखं तुमच्या हातात काही नव्हतं, कारण तुमच्या काळात धानाचं रक्त तपासायची ती यंत्रं नव्हती. यंत्रं आली तेव्हा तुम्ही पेन्शनीत निघून आमच्याकडं राहायला आले होते.

निजामाचं राज्य गेलं त्या साली तुमचा जन्म. आठ वर्षांचे होते तेव्हा किनवट, राजुरा तिकडं मराठी मुलखात गेलं, आपण इकडं राहिलो आणि घरातल्या घरात आंध्रवाले झालो. म्हातारपणी तेलंगणवाले. तुम्ही म्हणायचे, "मी हाललोच नाही वयनी, सरकारंच येऊन जाऊन राह्यले." तुमच्या बियांच्या पाकिटांवर प्रत्येक वेळी राज्याचं नाव खोडून नवं लिहायचे, जुनं वाचता येईल असं एकच रेघ मारून. मला त्याचं हसू यायचं. बाप्पा, त्या दाण्याला काय करायचं राज्य!

मग तळं गेलं. नव्या राज्यात तळ्यांचा गाळ काढायचं काम निघालं, आमच्या गावालाही मशीन आलं. खोटं काऊन बोलू, पाणी वाढलं, गावाचं भलंच झालं. माझ्या भावानंच ट्रॅक्टर लावून गाळ कापसाच्या वावरात टाकला. तुम्ही तहसीलात दरखास्त देऊन आले होते, एक कोपरा तरी राहू द्या म्हणून, पण कागद पुढं सरकायच्या आधी काम आटोपलं. तुम्ही कोणावर रागावले नाहीत. पावसाळ्यात मात्र तुम्ही, सत्तरीला टेकलेला माणूस, कापसाच्या तासातासानं वाकून फिरले, गाळातून एखादं रोप उगवलं असेल म्हणून. जे उगवलं असेल ते तण म्हणून डवऱ्याखाली गेलं होतं.

उरलं फक्त बरणीतलं. केंद्रात तुम्ही ठेवलेलं जुनं बी उगवेनासं झालं होतं. तळं जायच्या आदल्या हंगामाचं तेवढं घरी होतं, माझ्याच लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत, तळाशी कोळसा घालून. तुमची विद्यार्थिनी स्वप्ना हैदराबादच्या प्रयोगशाळेत लागली होती. दिवाळीनंतर तिची पाळी होती यंत्रावर, तेव्हा ती तपासून देणार होती. तुम्ही फडताळाकडं बोट दाखवून म्हणाले होते, "वयनी, आता आपली मावशी बोलनार."

आणि त्याच भाद्रपदात माझी पंचमी आली.

तळं नाही, म्हणून माहेरून पुरचुंडी नाही. बाजारातल्या देवभातावर माझा भरवसा नव्हता. सुमनताईंना निर्मलला फोन केला, त्या म्हणाल्या, आमच्याकडं धानाच्या बांधावर उगवतो की, पाठवते, पण ते पोचेना. पंचमीच्या सकाळी आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, आंघोळ करून मी फडताळ उघडलं. मनात काही पाप नव्हतं हो. आपल्या बायकांत जे चालते तेच. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणायची, आपली आली की वाटी भरून द्यायची. तीच साखर परत द्या, असं कोणी म्हणते का? देवभात घेतला, देवभात परत भरीन. एक वाटी काढली. उखळात कांडली तर कोंडाच जास्त, तांदूळ मूठभर. तिघांचं कसं व्हायचं? आणखी एक वाटी काढली. मग आणखी. बरणीचा कोळसा दिसला तेव्हा थांबले.

तुम्ही जेवायला बसले. लालसर भात, वर ऋषीची भाजी. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "तुमच्या तळ्याचा आहे," म्हणाले. मी हसून म्हटलं, "बरोबर ओळखलंत." तुम्हाला वाटलं आईनं ठेवलेला जुना असेल. मला ते सांगायचं सुचलंही नाही, इतकं ते मला साधं वाटलं होतं. तुम्ही ताट चाटूनपुसून खाल्लंत. त्या तळ्यातले शेवटचे दाणे तुम्ही माझ्या हातून खाल्लेत, भाऊजी, आणि वर भात छान झाला म्हणाले.

पाच-सहा दिवसांनी सुमनताईंची पिशवी आली. तसेच तपकिरी दाणे, तशीच लांब कुसळं. मी बरणी काठोकाठ भरली, होती त्यापेक्षा थोडी जास्तच, कारण उसनं फेडताना वाटीवर शीग ठेवायची असं आईनं शिकवलं. निर्मल काय आणि तामसी काय, मला एकच. जिल्हा तरी एकच होता ना तेव्हा! महिन्याभरानं दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचे चार झाले आणि निर्मल वेगळा जिल्हा झाला. मी शाळेतल्या जुन्या नकाशाची आठवण काढून हळहळत होते. फडताळात काय झालं आहे याची मला गंधवार्ता नव्हती.

दिवाळीनंतर तुम्ही बरणी उघडली. मुठीत दाणे घेऊन खिडकीशी गेले. "रंग जरा फिका वाटून राह्यला, वयनी."

तेव्हा तरी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी काय म्हटलं? "तुमचे डोळे फिके झाले, भाऊजी. मोतीबिंदू काढा आधी." तुम्ही हसले. "तेही खरंच आहे." दाणे पाकिटात भरले, पाकिटावर माझ्या माहेरचं नाव लिहिलं, आणि राज्याच्या नावाखाली या वेळी जिल्हाही नीट जपून लिहिला.

उन्हाळ्यात स्वप्नाचा फोन आला. तुम्ही अंगणात उभं राहून ऐकत होते, तेलुगूत नुसतं "अवुना, अवुना", असं का, असं का, करत होते. आत आले, पाणी प्यायले आणि खुर्चीवर बसले. दादांनी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणाले, "जंगली नाही ते. शेतातलंच धान आहे, पळून गेलेलं. कालव्याखालच्या सुधारित वाणाचं रक्त आहे त्यात. निर्मलकडं पेरते ना, ते."

निर्मल म्हटलं आणि माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. अगदी सगळं. तुम्ही माझ्याकडंच पाहत होते. आणि मी पोळी उलटवली.

काऊन नाही बोलले? रोज स्वतःला विचारते. आधी वाटलं, दादा उठून अंगावर येतील. मग वाटलं, आज नको, आज यांना आधीच धक्का बसला आहे, उद्या. उद्या तुम्ही पत्रं लिहायला बसले. ज्यांना ज्यांना तुम्ही त्या तळ्याबद्दल सांगितलं होतं, त्या सगळ्यांना, जे हसले होते त्यांनासुद्धा. स्वतःच्या अक्षरात: माझं म्हणणं चुकीचं होतं, कृपया यापुढं त्याचा आधार घेऊ नये. मी म्हटलं, एवढं काय लिहायचं, गप्प बसलं तर कोणाला कळते? तुम्ही म्हणाले, "मले कळते ना." आणि पाकिटं माझ्याच हातात दिली, कारण तुम्हाला उन्हात जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मी पोस्टात गेले. ती पेटीत मी टाकली, भाऊजी. एकेक करून टाकली. शेवटचंही टाकलं.

त्यानंतर तुम्ही धानाचं नावच काढलं नाही. बियांची पाकिटं सगळी केंद्राला देऊन टाकली. सकाळी पेपर, संध्याकाळी देवळापर्यंत चक्कर. डोळ्यांचं ऑपरेशन केलं नाही, "आता काय पाहाचं आहे," म्हणाले. मी तुमच्या आवडीचं करून घालत होते, रोज. तुम्ही म्हणायचे, वयनी, काऊन एवढे लाड करून राह्यल्या? मला त्या प्रश्नाची भीती वाटायची. इतका तर्कशुद्ध मनुष्य, त्या खिडकीत उभं राहून रंग फिका म्हणालेला, तुम्हाला माझा संशय कसा आला नाही? ज्या घरात जेवतो तिथली बरणी कोणी बदलेल, हे तुमच्या डोक्यात येऊच शकलं नाही. तुम्ही स्वतःवर संशय घेतला, तीस वर्षांच्या कामावर घेतला, माझ्यावर नाही घेतला. मला याचा राग येतो, खरं सांगते. घ्यायचा होता हो संशय! एकदा ओरडून विचारायचं होतं, मी तुमच्या पायावर पडले असते.

आज सकाळी स्वप्नाला फोन करून सगळं सांगितलं. पोरीनं निर्मलची पिशवी कधी आली ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आंटी, त्या तळ्याचं थोडं तरी बी आहे का? पाच-दहा दाणे?" मी म्हटलं, नाही गं, खाल्लं. ती रडायला लागली. म्हणाली, नमुना चुकला एवढं लिहून ठेवता येईल. पण सर बरोबर होते हे आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही. चूक होते हेही नाही. ते तळं आता कशाचंच उत्तर देणार नाही. तुमच्या नावापुढं राहील ते तुमच्याच अक्षरातलं पत्र.

आणि तो दवाखान्यातला दिवस. दादा औषधं आणायला खाली गेले होते, मी तुमच्या उशाशी मोसंबी सोलत बसले होते. तुम्ही माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता. मला वाटलं, आता विचारतील. मी ठरवलं, विचारलं की सांगायचं, एका दमात सांगायचं. तोंड उघडून बसले होते मी.

तुम्ही म्हणाले, "वयनी, तुमच्या माहेरच्या तळ्याले मी उगाच मोठं केलं. चार लोकांत हसू झालं तुमच्या गावाचं. तुमच्या आईकडं तोंड दाखवाले जागा नाही मले. माफ करा."

मी मोसंबीची फोड तुमच्या ओठाशी धरली आणि म्हटलं, "असू द्या भाऊजी. माफ केलं."